अंगणातला सरकारी साग

आमच्या अंगणात नऊ वर्षं एक सागाचा लठ्ठा पडून होता. आमचाच होता. आमच्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधावर वाढलेला, माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, स्वतःच्या कुऱ्हाडीनं पाडलेला. तरी त्याच्यावर घडीभर टेकायची आम्हाला मुभा नव्हती. कोंबडी बसली तर आबा तिला हाकलायचे. हे मी आजही कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो, आणि मला त्या हसण्याचा राग येतो. हसायला काय जातं! त्या लठ्ठ्याच्या नादात माझ्या मायचा एक हात गेला.

गाव आमचं पैनगंगेच्या अलीकडचं, जैनथच्या बाजूला. कापूस आणि ज्वारी, दुसरं काही नाही. नदीपलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड, तिथं मायचं माहेर. अलीकडं निजामाची राजवट. त्या राजवटीचा एक नियम गावातल्या लहान पोरालाही पाठ होता: साग कुठंही उगवो, जंगलात उगवो नाहीतर तुमच्या चुलीमागं, तो सरकारचा. पट्टा तुमच्या नावाचा, माती तुमची, पाणी तुम्ही घातलेलं, पण कुऱ्हाड लावायची तर इजाजत आणा. इजाजत आदिलाबादच्या कचेरीत मिळायची, म्हणजे मिळायची नाही.

आबांना या गोष्टीची जन्माची चीड. चावडीपुढच्या निंबाखाली बसून ते स्वतःच प्रश्न विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे.

"सरकारचं काम काय? चोर पकडावा. दोघायचं भांडन झालं त न्याय करावा. रस्ता बांधावा. अन् मंग गुमान आपल्या घरी जावं! माह्या वावरात काय उगवलं, माह्या चुलीवर काय शिजलं, हे इचारनारं ते कोन? सरकारनं वेशीपाशी थांबावं. वेशीच्या आत मी पाहून घेईन."

गावातल्या शाळेचे मास्तर तेवढे त्यांच्याशी वाद घालायचे. मास्तर शिकलेले, शांत. ते म्हणायचे, "अहो, ज्याला त्याला मोकळीक दिली तर चार वर्षांत डोंगर बोडके होतील. झाडाला कुणीतरी वाली पाहिजे ना?" आबा लगेच रस्त्याकडं बोट दाखवायचे. आमच्या वेशीपुढून ठेकेदाराच्या सागवान भरलेल्या गाड्या रोज जायच्या. "त्यायले पास हाय, मास्तर. मले नाही. म्हंजे कायदा झाड वाचवाले हाय, का माह्यासारख्याले अडवाले?" मोठेपणी मी स्वतः मास्तरीण झाले, आणि खरं सांगते, मला दोघांचंही पटतं. कुणाचं जास्त, ते ज्या दिवशी जसा राग असेल तसं ठरतं.

मी सहा-सात वर्षांची असेन तेव्हा निजामाचं राज्य गेलं. पोलीस ॲक्शन झाली, रझाकारांची भीती सरली, चावडीवर झेंडा लागला. मास्तरांनी आम्हा पोरांना साखर वाटली आणि भाषण केलं, की आता राज्य आपलं आहे.

"आपलं म्हंजे माहंबी ना?" आबांनी मधेच विचारलं.

"तुमचंही," मास्तर म्हणाले.

"पक्कं?"

"अहो पक्कं म्हणजे काय, स्वतंत्र झालो आपण!"

मास्तरांना काय माहीत की हा गृहस्थ तिथून उठून थेट कुऱ्हाडीला धार लावायला बसेल. भाषणं तर गावोगाव झाली. पण ते वाक्य मनावर घेऊन दुसऱ्याच दिवशी वावरात जाणारे आमचे आबाच. त्यांना वाटलं, राज्य आपलं म्हणजे साग आपला. एवढा सरळ हिशेब!

साग पाडायला कारणही होतं. आमच्या स्वयंपाकाच्या खोलीचं आढं उधईनं खाल्लं होतं. आढं म्हणजे छपराच्या मधोमध आडवं टाकलेलं लाकूड. त्याच्यावर सगळा कवेलूंचा, कौलांचा भार. सुतारानं आदल्या उन्हाळ्यात त्याच्यावर लाकूड तासायच्या वाकसाचा दांडा ठोकून पाहिला तर आतून पोकळ आवाज आला. त्याच खोलीत माय दिवसभर असायची. चूल तिथं, जातं तिथं, पाण्याचे रांजण तिथं. आबांनी दोरीनं खोलीचं माप घेतलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन्हीकडं टेकण्यापुरतं धरून, वीतभरही लाकूड वाया जाऊ नये असं. धुऱ्यावरचा साग पाडला, बरोबर त्या दोरीच्या मापाचा लठ्ठा कापला आणि बैलगाडीवर घालून गाणं म्हणत घरी आले. आबांना गाणं म्हणताना मी तेवढ्याच दिवशी ऐकलं.

चौथ्या दिवशी जंगल खात्याचा नाकेदार दारात उभा. तोच जुना नाकेदार, टोपी फक्त बदललेली.

"इजाजत?" त्यानं विचारलं.

"कायची इजाजत? राज्य आपलं झालं!"

"राज बदला है, जंगल का कायदा नहीं बदला," नाकेदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट कीवच होती. त्यानं लठ्ठ्याची साल एका जागी छिलली आणि शिक्क्याचा हातोडा मारला. टोकापासून वीतभर आत, लाकडात गोल खूण उठली. मग तो म्हणाला, दोन रस्ते आहेत. एक तर लठ्ठा डेपोला नेतो आणि तुमच्यावर खटला भरतो. नाहीतर सुपूर्दनाम्यावर सही करा. माल जप्त, पण तुमच्याच अंगणात राहील. साहेबाचा हुकूम होईपर्यंत सांभाळायचा आणि मागतील तेव्हा हजर करायचा.

आबांनी झटकन सही केली. कागद उर्दूत होता, त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. नाकेदार गेल्यावर मायकडं पाहून ते हसले. "पाह्यलं? झाड माह्याच अंगनात राह्यलं ना शेवटी? हुकूम काय, पंधरा दिवसात येईन."

त्यांना वाटलं आपण जिंकलो. खरं म्हणजे त्या दिवशी त्यांनी सरकारला वेशीच्या आत आणून, अंगणात निजवून, वर स्वतःला त्याच्या राखणीला ठेवून घेतलं होतं.

पंधरा दिवस गेले, वर्ष गेलं. आबा कचेरीत खेटे घालत राहिले. पहिल्या दरख्वास्ती मुनशीकडून उर्दूत लिहून घेतल्या. मग म्हणे आता मराठीत चालतं, तर मास्तरांनी लिहून दिल्या. उत्तर एकच, मिसल वर गेली आहे. मिसल म्हणजे फाईल. ती वर कुठं जायची आणि खाली का यायची नाही, हे कुणी सांगितलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नाकेदार यायचा, लठ्ठ्याची लांबी-जाडी मोजायचा, खुणेवर हात फिरवायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

आणि आमचं घर हळूहळू त्या लठ्ठ्याभोवती बांधलं गेलं. घर सुनं सोडायचं नाही, हा पहिला नियम. नाकेदार आला आणि दाराला कडी दिसली तर? मायच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, नदीपलीकडं, होडीनं गेलं तर दुपारपर्यंत पोचावं इतकं जवळ. नेमकी कापूस वेचणी, आबा दिवसभर वावरात. "तू गेली त घरी कोन?" आबा म्हणाले. माय गेली नाही. खण-नारळ गावातल्या एका बाईच्या हाती पाठवला आणि त्या दिवशी तिनं सगळं अंगण सारवलं. लठ्ठ्याच्या कडेकडेनं, त्याला शेणाचा हात लागू न देता. मी विचारलं, "माय, काऊन नाही गेलो आपन?" ती म्हणाली, "आपल्या घरी सरकार पडलं हाय ना, बाई. त्याले एकटं कसं सोडाव?"

एकदा मी विळ्याच्या टोकानं त्याच्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. नवीनच लिहायला शिकले होते, दिसेल तिथं कोरायची. आबांनी पाहिलं आणि फाडकन माझ्या कानशिलात दिली. त्याआधी त्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं, नंतरही नाही. "सरकारी मालाले हात लावते?" असं ओरडले. सरकारनं वेशीपाशी थांबावं म्हणणारा माणूस! गाल दोन दिवस दुखला. पण गालापेक्षा ते वाक्य जास्त लागलं, आणि ते मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

इकडं आढं खाली येत होतं. दर साली घर शाकारायला सुतार यायचा. वर चढायचा नाही, खालूनच बघायचा आणि मान हलवायचा. पहिल्या वर्षी त्यानं बाभळीचा एक टेकू दिला, पुढं दुसरा. माय त्या दोन खांबांमधून वाकून चुलीशी जायची, डोक्यावर भांडं असलं की तिरपी होऊन. चुलीवरच्या तव्यात कधी कधी वरून बारीक भुगा पडायचा. भाकरी उलटताना ती फुंकर मारून तो उडवायची. मी तिच्याजवळ बसून अभ्यास करायची, पण लक्ष सगळं वर. लाकूड करकरलं की मी तिचं लुगडं धरायची.

"अवो, दुसरं लाकूड आना ना कुठचं," ती आबांना म्हणायची. "सागच काऊन पाह्यजे? मोहाचं आना."

"त्यालेबी इजाजत लागते. अन् माहं आढं माह्या अंगनात पडलं हाय. मी दुसरं काऊन आनू?"

"मंग हेच टाका वर."

"हुकूम नाही आला."

एवढ्या बोलण्याच्या आत आमचं घर नऊ वर्षं कोंडलेलं होतं. दार उघडं होतं, कुणी साखळी लावली नव्हती, पण मला त्या अंगणात श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. मायला काय होत असेल, ते मी विचारलं नाही. पोरींनी विचारायची रीत नव्हती.

मग राज्यांची वाटणी झाली. भाषेप्रमाणं राज्यं करायची ठरली. मराठवाडा तिकडं मुंबई राज्यात गेला, आदिलाबाद जिल्हा इकडं आंध्रात राहिला, आणि आम्ही नदीकाठचे मराठी लोक जिथं होतो तिथंच. कचेऱ्या मात्र गाठोडी बांधून इकडच्या तिकडं झाल्या. जुना नाकेदार गेला. नवा आला तो तेलुगू बोलणारा, तरुण पोरगा. तो पहिल्यांदा आमच्या अंगणात शिरला आणि सरळ लठ्ठ्यावर बसला, बिडी पेटवली आणि आबांना म्हणाला, "अच्छा माल है. बेचना है क्या?"

"साहेब, उठो, उठो! उसपर मत बैठो, सरकारी है!" आबांची नुसती धांदल. त्यांनी ट्रंकेतून सुपूर्दनामा आणून दाखवला. नव्या नाकेदारानं तो उलटा धरला, सुलटा धरला. उर्दू त्यालाही येत नव्हतं. "मेरे पास तो कुछ नहीं है इसका," असं म्हणून तो निघून गेला. जाताना हसत होता.

आबा दुसऱ्या दिवशी आदिलाबादला गेले, या वेळी तेलुगूत लिहून घेतलेली दरख्वास्त घेऊन. कारकुनानं कपाटं उघडून पाहिली. या नंबरची मिसलच नाही, म्हणाला. वाटणीत कुठं गेली असेल तर देव जाणे.

"म्हंजे मी सुटलो?" आबांनी विचारलं.

"मिसल नहीं, तो छोडने का हुकूम किस पर लिखूँ?" कारकून म्हणाला.

मास्तरांनी हे ऐकलं तेव्हा ते पहिल्यांदाच आबांवर चिडले. "अहो, मिसलच नाही तर गुन्हा कुठला? उचला तो लठ्ठा आणि टाका वर. इतकी वर्षं मला शिकवता, सरकारनं वेशीपाशी थांबावं. आता ते थांबलंय, नव्हे, विसरून निघून गेलंय. तुम्हाला कोण अडवतंय?"

आबांनी सुपूर्दनाम्याची घडी घातली. मग म्हणाले, "उद्या मिसल सापडली त? सही माही हाय, मास्तर."

मी ओसरीवर बसून ऐकत होते. मला ओरडावंसं वाटलं, की आबा, तुमचं सगळं बोलणं खोटं. पण ते खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं. मोकळीक त्यांना मनापासून हवी होती. फक्त ती कुणीतरी लिहून द्यावी, वर शिक्का मारून द्यावी, इतकी सवय त्यांना लागून गेली होती.

त्या साली श्रावणात पाच दिवस झड लागली. सहाव्या दिवशी सकाळी उघडलं. आबा म्हणाले, आज कचेरीत नवा साहेब बसणार आहे, जाऊन येतो. ते गेले. माय भाकरी थापत होती, मी पीठ मळून देत होते. वरून भुगा पडला नाही, आवाजही फार झाला नाही. मायनं वर पाहिलं आणि डाव्या हातानं मला इतक्या जोरात ढकललं की मी दाराबाहेर जाऊन पडले. मग सगळं खाली आलं.

शेजारच्या माणसांनी कवेलू उपसली. माय जिवंत होती. चुलीच्या भिंतीनं तिचं डोकं वाचवलं होतं. पण डावा हात मनगटापासून आढ्याखाली अडकला होता. तिला काढायला चौघांना जोर लावावा लागला, तोवर ती माझ्याकडं बघत होती. हाडवैद्यानं बांबूच्या खपच्या बांधल्या. बोटं राहतील पण मिटणार नाहीत, असं तो तिच्यासमोरच म्हणाला. भाकरी थापायला दोन हात लागतात. माझ्या मायनं त्यानंतर कधी भाकरी थापली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा पुन्हा कचेरीत निघाले. आता तरी साहेब ऐकेल म्हणाले. ते वेशीबाहेर गेले तशी माय उठून बसली. "जाय, सुताराले बोलाव," मला म्हणाली. मी धावत गेले. सुतार आला, पण लठ्ठ्याला हात लावेना. माय त्याच्यासमोर उभी राहिली, गळ्यात बांधलेला हात घेऊन. त्यानं वाकस काढला आणि साल तासायला लागला.

दुपारी आबा परत आले. साहेब भेटला नव्हता. अंगणात ताज्या सागाचा वास सुटला होता. "थांबा!" ते दारातूनच ओरडले. "हुकूम नाही आला!"

सुतार थांबला. माय नाही थांबली. "मी देल्ला हुकूम," ती म्हणाली. "चालव रे भौ हात."

सुतारानं आबांकडं पाहिलं. आबा लठ्ठ्याजवळ आले, खाली बसले, शिक्क्याच्या खुणेवर हात ठेवला. मला वाटलं आता ते आडवेच पडतात की काय त्याच्यावर. पण ते म्हणाले, "एवढा तुकडा कापून वेगळा काढ. हे भिंतीत गेलं त उद्या मार्का कसा दाखवू?"

"आढं आखूड पडन, भौ," सुतार म्हणाला. "तुमीच मापात आनलं होतं."

"पडू दे."

आणि त्यांनी स्वतः करवतीचं दुसरं टोक धरलं. रडत होते. खुणेचा तुकडा गोल चकतीसारखा निघाला. आढं वर चढलं, आणि सांगितल्याप्रमाणं आखूड पडलं. एका बाजूनं भिंतीवर टेकेना. म्हणून त्या टोकाखाली बाभळीचा एक टेकू राहिला, चुलीच्या अगदी पुढं. नवीन आढ्याखालीसुद्धा माय आयुष्यभर तिरपी होऊनच चुलीशी जात राहिली.

कुणी आलं नाही. ना साहेब, ना नाकेदार, ना मिसल. ती चकती आबांनी सुपूर्दनाम्यासकट जुन्या धोतरात बांधून ट्रंकेत ठेवली. दर पावसाळ्यानंतर ऊन दाखवायचे. बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या आजारात, मी नोकरीच्या गावाहून, आदिलाबादहून गेले, तेव्हा माझा हात धरून त्यांनी तीच गोष्ट सांगितली. "ट्रंकेत हाय. कोनी आलं त दाखवजो." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहते तर ट्रंक उघडी आणि माय चुलीपुढं. उजव्या हातानं तिनं ती चकती जाळात सारली, वर सुपूर्दनामाही टाकला. कागद चटकन गेला. सागाला पेट घ्यायला वेळ लागला.

"माय! आबानं सांभाळाले सांगितलं होतं!" मी म्हणाले. पन्नाशीला आलेली मास्तरीण मी, आणि लहान पोरीसारखं विचारलं. "अन् कोनी आलं त?"

तिनं तो न मिटणारा डावा हात पदराबाहेर काढला.

"आलं त हे दाखव," ती म्हणाली, आणि टेकूला वळसा घालून पाणी आणायला गेली. तरीही मी एकदा अंगणाच्या फाटकाकडं पाहून घेतलंच.